तिखाडी : नाव, वास आणि जागा

पावसाळा सरत आला की मानोऱ्याच्या आसपासच्या टेकड्या गवताने झाकून जातात. रस्त्याने जाणाऱ्यास ते सारे एकच ‘गवत’ वाटते. गुराख्याच्या बोलीत मात्र कुसळी, मारवेल, पवन्या, तिखाडी अशी निरनिराळी नावे असतात. यांपैकी तिखाडी मला विशेष जिव्हाळ्याची. नाव आणि वस्तू यांच्या नात्याविषयी तिने मला पुष्कळ विचार करायला लावले आहे.

तिखाडी म्हणजेच रोशा गवत. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. हे बहुवर्षायू गवत ठोंबाने वाढते आणि पुरुषभर, कधी त्याहूनही उंच होते. ओळख पटवायची तर आधी पानाचा तळ पाहावा. गवती चहाचे पान तळाशी निमुळते होते. तिखाडीचे तेथे रुंद, हृदयाकृती असून दांड्याला कवेत घेते. तरीही शंका उरली तर पान चुरगाळून हुंगावे. गुलाबाशी नाते सांगणारा वास येतो, तो जिरॅनिऑल या द्रव्याचा. याच साम्यामुळे एकोणिसाव्या शतकात रोशाचे तेल मुंबईहून तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळले जाई. (‘रोशा’ हा शब्द इंग्रजी ‘रोज’वरून आला, असे काही सुशिक्षित खात्रीने सांगतात. वैद्यकग्रंथांतील ‘रोहिष’ त्यांच्या वाचनात आलेला नसावा.)

खरी अडचण यापुढे आहे. या गवताचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना पाहून ते वेगळे करणे जाणकारालाही जड जाते. उभ्या गवतात मात्र फरक दिसतो. मोतिया डोंगरउतारावर, पाणी न साचणाऱ्या जमिनीत, सुट्या सुट्या ठोंबांनी राहतो. त्याची पाने दांड्यापासून फाकलेली असतात. सोफिया सखल, ओलसर जागी दाटीने वाढतो. त्याची पाने उभट. मोतियाचे तेल उंची मानतात, सोफियाचे हलके.

स्वनिमविचार अभ्यासताना तुम्ही पूरक वितरण पाहिले आहे. ‘अंक’ आणि ‘अंत’ यांतील अनुनासिके भिन्न असूनही, प्रत्येकाची जागा ठरलेली असल्याने, आपण ती एकाच स्वनिमाची रूपे मानतो. तोच न्याय येथे लावला तर मोतिया-सोफिया हे एकाच गवताचे जागेनुसार पालटणारे रूप ठरेल. पण मोतियात 20 गुणसूत्रे असतात आणि सोफियात 40. जागा बदलून एकाचा दुसरा होत नाही. वितरण ही खूण आहे, पुरावा नव्हे, हे मला भाषेपेक्षा गवताने अधिक स्पष्टपणे दाखवले.

म्हणूनच आपल्या शब्दकोशांतील ‘एक प्रकारचे गवत’ हा अर्थ मला अस्वस्थ करतो. ज्यांच्या बोलीत त्या ‘प्रकारा’ला वास, उतार आणि ओल आहे, त्यांची पुढची पिढी गुरांमागे जात नाही. शब्द कदाचित टिकेल. त्याने काय दाखवायचे ते हरवेल. बोलीच्या शब्दसंग्रहासाठी मी विद्यार्थ्यांना जो तक्ता देतो, त्यात अलीकडे ‘कोठे उगवते’ असा एक रकाना वाढवला आहे. पोहरादेवीकडच्या एका तांड्यातील विद्यार्थिनीने मोतिया-सोफिया ही नावे कधी ऐकलेली नव्हती. आजोबांना विचारून तिने त्या रकान्यात लिहिले : ‘तिखाडी वर उतारावरची. नाल्याकाठी दिसते ती वेगळी; तिचा वास उग्र.’