तार किती ओढायची?

परवाच्या शनिवारी दौंडला मामांकडे गेलो होतो. मामा रेल्वेतून रिटायर झालेत. नाइट ड्यूटीवरून आलं की झोप लागेपर्यंत गिटार वाजवायची, ही त्यांची नोकरीतली सवय. त्यातूनच कधीतरी काफीच्या अंगाची एक छोटी धून तयार झाली. आमच्या घरात ती 'मामांची धून' म्हणूनच ओळखली जाते. कागदावर मात्र कुठेच नाही. आणि गेल्या वर्षापासून मामांच्या डाव्या हाताची अनामिका आखडते. तार ओढायची ती नेमकी त्याच बोटाने!

इकडे शिरूरला माझी भाची गिटार शिकतेय आणि तिला ही धून हवी आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवली होती, पण कुठल्या तारेवर, कुठल्या पडद्यावर बोट ठेवायचं हे तिला ऐकून कळेना. मामा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग लिहून दे की तिला."

म्हटलं, त्यात काय! लॅपटॉपवर म्युझस्कोअर होतंच. सूर भराभर टाकले. धुनीचा जीव एकाच जागेत आहे: रे वर बोट ठेवून तार ओढायची, कोमल ग गाठायचा आणि आवाज न तोडता परत रे वर यायचं. म्हणजे मींडच. लहानपणी पेटीच्या क्लासला भातखंडे पद्धत शिकलो होतो, त्यात मींड दाखवायला सुरांवर कमान काढतात. मी तशीच कमान काढली आणि प्ले दाबलं. रे, ग, रे... तीन सूर सुटे सुटे वाजले. मामा म्हणाले, "हे तर जिना चढल्यासारखं झालं."

चूक माझीच. पाश्चात्त्य स्टाफवर त्या कमानीचा अर्थ 'हे सूर जोडून वाजव' एवढाच. चिन्ह तेच, भाषा वेगळी. तार ओढण्यासाठी तिथे वेगळी खूण आहे. म्युझस्कोअरमध्ये ती २०२३ च्या डिसेंबरात आलेल्या ४.२ पासून नव्याने बांधलेली आहे. ती लावली, किती ओढायची तिथे 'अर्धा' टाकलं, आणि तार खरंच वाकल्यासारखी वाजली. मी खूश!

मामा नाहीत. "एवढं वर जात नाही ते," म्हणाले.

आता आली का पंचाईत! मी रेकॉर्डिंग ट्यूनरच्या अॅपला ऐकवलं. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. मामांची तार ७० च्या आसपासच थांबत होती. सॉफ्टवेअरच्या खुणेत पाव म्हणजे ५० सेंट, अर्धा म्हणजे १००. मधलं काही नाही. आमच्यासारख्याला वाटणार, त्यात काय, अजून एक ऑप्शन हवा. पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. अर्धा सूर चढवायला ताण साधारण १२ टक्के वाढवावा लागतो आणि तो सगळा जोर बोटाचा. मग हा ७० सेंटचा ग मामांच्या धुनीतला आहे की आखडलेल्या बोटातला?

विचारायचं धाडस होईना. काफीत कोमल ग थोडा उतरलेला असू शकतो, वगैरे मी बडबडत राहिलो. मामांनी हेडफोन लावून स्वतःचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. मग माझी 'अर्धा'वाली धून ऐकली. जरा वेळ काहीच बोलले नाहीत.

"पूर्वी पोचत होतो," ते म्हणाले. "तिच्यासाठी पूर्ण लिही."

रेकॉर्डिंगलाच मी आजवर 'खरं' समजत आलो होतो. नोटेशन म्हणजे त्याची वाळलेली नक्कल! पण रेकॉर्डिंगमध्ये मामांचं आत्ताचं बोट होतं. धून या अर्ध्या सुराच्या खुणेत होती. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतल्या चिजा जमवून क्रमिक पुस्तक मालिकेत छापल्या, तेव्हा त्यांच्याही समोर बरेचदा थकलेले गळे असतील. गळ्यातून आलं ते लिहायचं की गळ्याला म्हणायचं होतं ते, हे दर वेळी कुणीतरी ठरवलंच असेल.

रविवारी सकाळी चौफुला, न्हावरे करत शिरूरला गेलो. भाचीने कागद समोर ठेवून वाजवायला घेतलं. तिची बोटं अजून कोवळी आहेत, तारेने लाल होतात. तिसऱ्या खेपेला तार ग पर्यंत पोचली. फोन स्पीकरवर होता.

"मामाआजोबा, बरोबर आहे का?"

"सूर बरोबर आहे बाळा. पण परत येताना घाई करतेस. ते तुझ्या मामाने लिहिलं नसेल."

खरंच लिहिलं नव्हतं. पुढच्या शनिवारी तिला घेऊन दौंडला जातोय.