खुराड्यात काय अंथरशील?

खजराना, इंदूर

प्रिय भाचीस,


झाबुव्याहून कडकनाथची पिल्लं आणतेयस, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. 2018 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याचं नाव झालं. मोठा झाल्यावर हा पक्षी काटक. पिल्लू मात्र नाजूकच. जाळी कुठली, दार कसं, हे तू विचारलंस. त्याआधी खाली काय अंथरायचं ते ठरव. कोंबडी तिथंच बसते, तिथंच हगते आणि तिथंच चोच मारते.

देवासला तुमच्याकडे गव्हाचा भुसा घरचाच, म्हणून तोच पसरायचा मोह होईल. उन्हाळ्यात चालून जाईल. पण मृग तोंडावर आलाय. भुसा पाणी धरून ठेवतो, वर पापुद्रा येतो, आत बुरशी. ती बुरशी श्वासातून पिल्लाच्या फुप्फुसात गेली, की पिल्लू चोच उघडून धापा टाकतं आणि मग फारसं काही करता येत नाही. भुसा गुरांनाच घाल. सोयाबीनचं कुटारही नको. त्याच्या टोकांनी तळवे फुटतात.

भाताचं तूस उत्तम, लवकर सुकतं. पण माळव्यात भात कुठला! भाताचा मुलूख बालाघाटकडे. म्हणून मी इथल्या सुताराकडून रंध्याची सालपटं आणतो. वखारीतला बारीक भुसा घेऊ नकोस. पिल्लं तो दाणा समजून खातात आणि गळ्याखालची पिशवी गच्च होते. प्लायवूडचा किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा तर मुळीच नको. लाकूड कुठलं, हे सुताराला विचारूनच पोतं उचल.

जमीन चुना मारून पूर्ण वाळू दे, वर दोन-तीन इंच सालपटं घाल. थंडीत थर पाच-सहा इंचांपर्यंत वाढव. रोज खाली-वर कर. मूठभर घेऊन दाब: गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, धूळ उडाली तर फार कोरडं, हळूहळू सुटला तर ठीक. ओलावा 20 ते 25 टक्के असावा. त्यावर गेला की विष्ठेतून अमोनिया सुटतो, रक्ती हगवणीचे जंतूही वाढतात. अमोनियाचा वास उभ्यानं कळत नाही. गुडघे टेकून पिल्लांच्या उंचीला नाक ने. डोळे चुरचुरले तर तो भाग लगेच बदल. बहुतेक ओल पाण्याच्या भांड्याभोवती होते, म्हणून भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ठेव.

अंथरलेल्या सालपटांची जुनी गादी टाकून देऊ नकोस. आमच्या गणपतीच्या देवळात निर्माल्याचं खत करतात, तसं तिचंही होतं. मात्र नीट कुजल्याशिवाय झाडांना घालू नकोस, मुळं जळतात.

पिल्लं येण्याआधी सालपटांची पोती भरून कोरड्या जागी रचून ठेव. झड लागली की कोरडं काही मिळत नाही.

तुझा,
मामा