सतरा सप्टेंबरची परभणी

मनमाडहून निघालेली गाडी जालना, सेलू, मानवत रोड घेत परभणीला पोचते. वाटेत काळ्या रानात कापूस आणि सोयाबीन. या वाटेबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. सांगायचं आहे ते राजगोपालाचारी उद्यानातल्या 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनाबद्दल. पंधरा ऑगस्टला महिना उलटतो न उलटतो तोच इथे पुन्हा तिरंगा चढतो, पोलीस मानवंदना देतात, हुतात्म्यांना फुलं वाहिली जातात. पुण्यामुंबईच्या पाहुण्याला हा दुसरा स्वातंत्र्यदिन जरा जास्तीचाच वाटतो. मला मात्र मराठवाड्याची ओळख याच दिवसात दिसते. मराठवाडा तेव्हा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानात 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांच्या कारवाईतून प्रदेश घडत नाही. तो घडला त्याआधीच्या, भारत स्वतंत्र झाल्यापासूनच्या तेरा महिन्यांत. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात तिरंगा उघड फडकत होता, अलीकडे तो हाती धरायचा तर रझाकारांशी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांशी, गाठ होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढत होते. लढ्यातून अशी एक ओळख घडणं नवं नाही: अमेरिकेतल्या तेरा वसाहतीही आधी आपापल्या नावानेच ओळखल्या जात; 1775 ते 1783 च्या युद्धाने त्यांना एका नावाखाली आणलं.

कुणी म्हणेल, लढाई कशाला, मराठी भाषा होतीच की. होती, पण ती कोकणातही होती आणि विदर्भातही. निजामाच्या राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांनी एकत्र सोसलं, म्हणून 1956 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात येऊनही मराठवाडा वेगळा उठून दिसतो आणि विकासाच्या अनुशेषाचा हिशेब एकमुखाने मागतो. दुसरा आक्षेप जड आहे: लढाईतून ‘आपण’ घडतो तेव्हा कुणीतरी परकाही ठरतो. सप्टेंबर 1948 च्या त्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शननंतर, निरपराध मुसलमानांवर झालेले अत्याचार सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले, आणि तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. हे नाकारून उभी केलेली अस्मिता पोकळच. पण हा लढा धर्माधर्माचा होता, असा निष्कर्षही त्यातून निघत नाही. संस्थान भारतात विलीन व्हावं असं लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान यांना ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनीच ठार मारलं. झेंडावंदनानंतरच्या भाषणांत योजनांची जंत्री वाचण्याचा प्रघात आहे. तिच्यातल्या चार ओळी गाळून शोएबउल्लांचं नाव आणि सुंदरलाल अहवाल, दोन्ही तिथे मोठ्याने सांगितले जावेत.