घाटावरचा भाडेकरू

आमच्या आजऱ्याची हिरण्यकेशी नदी आंबोलीला उगम पावते. आंबोलीच्या कड्यावर उभं राहिलं, की निरभ्र दिवशी अरबी समुद्र दिसतो. कुठलीही सरळ डोक्याची नदी चार उड्या मारून खाली उतरली असती. पण ही बाई समुद्राकडे पाठ फिरवते, आजऱ्यावरून पूर्वेला चालू लागते, घटप्रभेत शिरते, तिथून कृष्णेत जाते आणि अर्धा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्राच्या बाबतीत आम्हा आजरेकरांचंही असंच आहे. समुद्र ही आमच्या मते सहलीत बघायची गोष्ट. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, फोटो काढायचा आणि जेवायला घाटावर परत यायचं.

त्यामुळे 2016च्या जूनमध्ये बँकेनं माझी बदली वेंगुर्ल्याला केली, तेव्हा घरात सुतक आलं. अंतर शंभर किलोमीटरही नाही. पण आईनं असा चेहरा केला, की जणू मला अंदमानला धाडत होते. वडील एवढंच म्हणाले, "तिथं उकडा तांदूळ खात्यात. आपला घेऊन जा." म्हणून अंगावरचे कपडे, बी.कॉम.चं सर्टिफिकेट आणि दहा किलो घनसाळ एवढ्या भांडवलावर मी एस.टी.त बसलो.

खोली मिळाली ती बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या जुन्या वस्तीत. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढं पडवी, पडवीपुढं खळं आणि निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. घरमालकीण सत्तरीच्या काकी. मी भाडं विचारलं, तर म्हणाल्या, "तुका काय देवचा वाटता ता दी. पण तिनसांजा दिवो लागाक होयो." माझ्या नोकरीत व्याजदर ठरलेला नाही असा करार मी कधी पाहिला नव्हता. मी घाईघाईनं होकार देऊन टाकला.

भाषेनं पहिले तीन महिने माझी परीक्षा पाहिली. काउंटरवर एक भरघोस मिशांचे गृहस्थ आले, पैसे मोजून घेतले आणि म्हणाले, "मी जातंय." आमच्याकडे मूल जातं, पोतं जातं, मिशीवाला जातो. मी त्यांच्यामागं कुणी लहान मूल उभं आहे का, ते वाकून पाहिलं. वर्षभरानं मीच आजऱ्याला फोनवर "येतंय" म्हणालो आणि आईनं बायकोला विचारलं, "ह्याला बरं नाही काय गं?"

भाषा जमली, पण खारं वारं जमलं नाही. कॉमर्सला आम्ही घसारा शिकलो. यंत्राची किंमत दरवर्षी दहा टक्क्यांनी घटते वगैरे. समुद्रानं ते पुस्तक वाचलेलं नाही. त्यानं माझ्या मोटारसायकलचा घसारा पहिल्याच वर्षी शंभर टक्के वसूल केला. कुलपं गंजली, चष्म्याचे स्क्रू गंजले, बिस्किटं पुडा फोडताफोडता मऊ पडली. काडेपेटी पेटली, तर काकी तो दिवस शुभ मानायच्या.

अशा घरात राहणं म्हणजे घराची चाकरी करणं, हे मला मे महिन्यात कळलं. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे ठोकून बघायचे, पडवी नारळाच्या झापांनी झाकायची. हे चुकलं तर काय होतं ते शेजारच्या बंद घरात बघून घ्या. एक कौल सरकतं. थेंब वाशावर पडतो, वासा कुजतो. मग पाणी भिंतीत उतरतं. चिरे मातीत बसवलेले. माती वाहून जाते आणि ज्या भिंतीनं शंभर पावसाळे काढले, ती दोन पावसाळ्यांत मुकाट्यानं खाली बसते. आवाजसुद्धा करत नाही. माणसं असली, तर पहिल्या थेंबालाच कुणीतरी खाली पातेलं ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी शिडी लावतं. एवढाच फरक.

गाव तसं मोठ्या घराण्यातलं. 17व्या शतकात डच इथं वखार घालून बसले. गोव्यातल्या पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या त्यांच्या आरमाराला इथून रसद जायची. पुढं इंग्रजांनी छावणी केली. त्या भागाला अजून कॅम्पच म्हणतात. घाटावरचा माल बैलगाड्यांतून इथं उतरायचा. 1888 साली रेल्वे मार्मागोव्याला पोचली आणि माल तिकडे वळला. म्हणजे आमच्या आधी बदली झाली ती मालाची. मी पाहिली तेव्हा डचांच्या वखारीत वडाच्या मुळ्या भाडेकरू होत्या, आणि त्यांना कुणी दिवा लावायला सांगितलेलं नव्हतं.

काकींचा नातू इंग्लंडात, तोही समुद्रकाठच्या एका जुन्या वस्तीत. रविवारी तो फोनवर दिसायचा. एकदा कौतुकानं सांगत होता, की तिथं 1967पासून अशा वस्त्यांसाठी कायदा आहे. काही घरांना तर खिडकी बदलायची झाली तरी कौन्सिलची परवानगी काढावी लागते. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं. "हय बरा आसा," त्या म्हणाल्या. "हय खिडकी कोणाक न इचारता पडता."

हिवाळ्यात पर्यटक यायचे. एके सकाळी मी बनियनवर, तोंडात ब्रश धरून खळ्यात उभा होतो. एक जोडपं फोटो काढत होतं. त्यातल्या बाईंनी माझ्यादेखत नवऱ्याला विचारलं, "इथं कुणी राहतं का रे?" तोंडात फेस असल्यामुळं मला उत्तर देता येईना. आतून काकी ओरडल्या, "रवता तो! भाडां देता!"

बदलीचे अर्ज मी चार केले होते. चौथा 2019च्या एप्रिलमध्ये मंजूर झाला, बरोबर शाकारणीच्या तोंडावर. मी पेढे घेऊन गेलो. काकींनी पेढा हातात घेतला आणि बराच वेळ वर कौलांकडे बघत राहिल्या. मुलगा त्यांना मुंबईला न्यायला टपलेलाच होता. मी गेल्यावर घरात एकट्या म्हाताऱ्या बाईला ठेवायला तो तयार नव्हता, आणि त्याचं चुकत होतं असंही मला म्हणवेना. "झिला," त्या म्हणाल्या, "पेढो बरो आसा," आणि तो तसाच डब्यात ठेवून दिला.

आता काकी मुंबईला असतात. किल्ली आजऱ्याला आमच्या देवघरात असते. समुद्रापासून एवढी लांब येऊनही ती गंजते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी आठ दिवसांची रजा टाकतो आणि एस.टी.त घनसाळचं पोतं घेऊन बसतो. तिथं पोचलो, की पहिल्या संध्याकाळी दिवा लावून काकींना फोनवर दाखवायचा, अशी पद्धत पडली आहे. त्या दिव्याकडे बघत नाहीत. "कॅमेरो वर कर," म्हणतात, आणि कौलं मोजतात.

रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. मी 'घर शाकारणे' असं लिहितो. आमचे साहेब दरवर्षी अर्ज हातात घेऊन चष्म्यावरून बघतात.

"अहो, तुमच्या घरावर तर स्लॅब आहे ना?"