लोकरीला विटाळ नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घराच्या दिवाणखान्यात चाळीस वर्षे एकच सतरंजी अंथरलेली होती. वडील ज्या जागी पारायणास बसत, तेथे तिचे सूत इतके विरले होते की खालची फरशी दिसे. ती बदलावी असे दर दिवाळीला ठरे आणि संक्रांतीपर्यंत विसरले जाई. यंदा रामनवमीचे कीर्तन आमच्या घरी करावयाचे मंडळींनी ठरविले, तेव्हा मात्र आम्हांस हालचाल करणे भाग पडले. दारी येणाऱ्या श्रोत्यांना धड आसन नसावे, ही गोष्ट मनाला बरी वाटेना.

ग्वाल्हेरात राहून गालिच्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. जयविलास महालातील दरबाराचा तो प्रचंड गालिचा येथील तुरुंगात कैद्यांनी विणला, असे सांगतात. आणि २०२३ साली येथील हातविणीच्या गालिच्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. दुकानात दोन थप्प्या होत्या. एक यंत्रावर विणलेल्या कृत्रिम धाग्याच्या गालिच्यांची, चकचकीत आणि स्वस्त. दुसरी लोकरीची, हाताने गाठी मारून विणलेली, किंमत तिप्पट. खोटे कशास सांगा, आमचा हात आधी पहिलीकडेच गेला.

पण निघताना मातोश्रींनी विचारले होते, “लोकरीचाच आणशील ना रे? सोवळ्याने देवघरात जायचं तर त्याच्यावरूनच जावं लागेल मला.” लोकरीला विटाळ नाही, हा आमच्याकडील जुना नियम. धाबळी नेसून स्वयंपाक करणाऱ्या बायकांना तो कोणी शिकवावा लागत नसे. प्लास्टिकच्या धाग्याचा निर्णय मात्र धर्मसिंधूत कोठून सापडणार?

दुकानदाराने गालिच्याचा कोपरा उलटून दाखविला. पाठीवरही तीच वेलबुट्टी, गाठ न् गाठ मोजून घ्यावी अशी. कडेच्या झालरी शिवलेल्या नव्हेत, तर ताण्याच्या सुताचीच टोके. मग त्याने एक लोकरीचा तंतू उपटून पेटविला. केस जळाल्याचा वास आला आणि राख चिमटीत विरली. दुसऱ्या थप्पीतला धागा वितळून त्याचा टणक मणी झाला. एक ओळ गाठींनी भरायची, तीवर आडवे सूत घालायचे, पंजाने ठोकून बसवायचे, की पुन्हा दुसरी ओळ. असे महिनोन् महिने. हे ऐकल्यावर किमतीची घासाघीस करताना जीभ थोडी अडखळली. केली, हे निराळे.

नऊ बाय बाराचा तो गालिचा दोन हमालांनी खांद्यावरून आणला. खोलीचे माप आम्ही दोनदा घेतले होते. देवघराच्या दाराचे घेतले नव्हते. ते दार दिवाणखान्यात उघडते आणि जमिनीपासून जेमतेम अर्धे बोट वर आहे. मातोश्री दार लोटून आत पूजेला बसलेल्या, आणि बाहेर आम्ही मोठ्या हौसेने गालिचा पसरून मोकळे झालो! नैवेद्य झाल्यावर त्यांनी दार ढकलले, ते हलेना. शेवटी हमालांना परत बोलावून कोपरा गुंडाळला, तेव्हा त्यांची सुटका झाली. दुसऱ्या दिवशी सुताराकडून दाराची खालची कड रंधून घेतली.

यानंतरचे पंधरा दिवस सांगावयास आम्हांस संकोच वाटतो. मुलांना त्यावर खाण्याची बंदी झाली. पाहुण्यांपुढे चहा ठेवला, की आमची दृष्टी त्यांच्या मुद्रेवर नसून बशीवर असे. नव्या लोकरीचा भुगा काही दिवस सुटतोच. तोही आम्ही बोटांनी वेचीत होतो. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ रोज सकाळी वर्तमानपत्र वाचावयास येत. त्या दिवशी ते उंबऱ्याशी थांबले, आपल्या धुळीने भरलेल्या पावलांकडे पाहिले, आणि बाहेर ओट्यावरच बसले. पुढे तेथेच बसू लागले. आम्हांला ते दिसत होते. “आत या” म्हणावयाचे आमच्याने झाले नाही.

रामनवमीच्या सकाळी आम्ही गालिचा गुंडाळावयास घेतला. इतकी माणसे, समईचे तेल, गुलाल. एक दिवस जुनी सतरंजीच बरी, असा आमचा हिशेब. मातोश्री देवघराच्या दारात उभ्या होत्या.

“कुणासाठी आणला होतास?” त्यांनी विचारले.

आम्ही निमूटपणे तो पुन्हा उलगडला. सतरंजी चौघडी करून त्यांनी स्वतःकडे बसावयास घेतली.

माध्यान्ही जन्म झाला, पाळणा झाला, गुलाल उधळला. ओट्यावरचे ते गृहस्थ मागे उभे होते. मातोश्रींनीच त्यांना हाताला धरून आत आणले आणि वडिलांच्या जागी बसविले. सुंठवडा वाटताना मुलांच्या मुठींतून निम्मा खाली सांडला. गुलालाचा एक फिकट डाग अद्याप आहे.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ वर्तमानपत्रासाठी आले ते सरळ आत येऊन बसले. देवघराच्या उंबऱ्यापासून गालिच्याच्या मध्यापर्यंत सुंठवड्यामागे लागलेली मुंग्यांची रांग प्रथम त्यांनीच आम्हांला दाखविली.