मोटारीचा संधि आणि विग्रह

संधि आणि विग्रह हे शब्द व्याकरणांतले. दोन वर्ण जोडणें तो संधि. जोडलेले सोडविणें तो विग्रह. शनि-अमावास्येस शनिशिंगणापुरीं मोटारींची रीघ लागते, त्या वेळीं हे शब्द आम्हांस हटकून आठवतात. गाडी चार हात पुढें जाते, थांबते, पुन्हां निघते. प्रत्येक वेळीं इंजिन व चाकें यांची गांठ सुटते आणि पुन्हां बसते. हें काम करणाऱ्या अवयवास क्लच म्हणतात.

वाफेचें इंजिन उभ्या जागेवरून भार ओढूं शकतें; पेट्रोलच्या इंजिनास तें साधत नाहीं. तें आधीं मोकळें फिरावें लागतें आणि मग त्याची चाकांशीं गांठ घालावी लागते. गांठ एकाएकीं बसली तर गाडीस हिसका बसतो. सैल राहिली तर इंजिन नुसतें गरगरतें. राजेरजवाड्यांच्या पहिल्या मोटारींत मखमली गाद्या पैशानें मिळत. आंत बसलेल्यास न कळतां गाडी हलणें हें मात्र क्लचच्याच हातीं होतें.

त्या काळीं बहुधा शंकूच्या आकाराचा क्लच असे. इंजिनाच्या जड चाकांत खोलगट जागा असे व चामड्यानें मढविलेला शंकु स्प्रिंगच्या जोरानें तींत घट्ट बसे. रोल्स-रॉइसची प्रख्यात ‘सिल्व्हर घोस्ट’ही शंकूच्याच क्लचची होती. चामडें सुकलें कीं गाडी हिसके देई, म्हणून त्यास एरंडेल पाजीत. तेल अधिक झालें कीं तें घसरे, मग मुलतानी मातीसारखी पूड टाकीत. पुढें चामड्याखालीं लहान स्प्रिंगा बसवून ही गांठ हळूहळू बसेल अशी युक्ति झाली. हेल-शॉ या प्राध्यापकांनीं तेलांत बुडालेल्या अनेक तबकड्यांचा क्लच काढला. १९२५ च्या ‘फँटम’मध्यें रोल्स-रॉइसनें एकाच कोरड्या तबकडीचा क्लच घातला.

ही सुधारणा कसोटीवांचून झाली नाहीं. १९०७ सालीं सिल्व्हर घोस्ट पंधरा हजार मैल चालविली आणि मग तिचे अवयव सुटे करून, कोठें किती झीज झाली तें मोजलें. १९०८ सालीं त्याच कारखान्याची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ मुंबई-कोल्हापूरच्या चढणीच्या घाटांतून धांवून विजयी झाली. ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनीं विकत घेतली. शर्यत जिंकल्यानें कीर्ति मिळते. ज्ञान मिळतें तें यंत्र उघडून पाहिल्यानें.

परंतु या कसोटीचीही एक कसोटी पाहिली पाहिजे. चामडें घर्षणाच्या उष्णतेनें करपे, म्हणून पुढें अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंचें अस्तर आलें. तें जळेना, झिजेना, प्रत्येक परीक्षेंत पहिलें येई. मात्र त्याची धूळ ज्यांच्या छातींत जाई, त्यांची परीक्षा कोणीं घेतली नव्हती. १९२४ सालीं इंग्लंडांत रॉचडेल येथें नेली कर्शॉ ही अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणींत काम केलेली स्त्री फुप्फुसाच्या विकारानें वारली. १९३१ सालीं तेथें या धुळीविषयीं नियम झाले आणि संपूर्ण बंदी येण्यास १९९९ साल उजाडलें. तबकडी उत्तीर्ण झाली. मनुष्य अनुत्तीर्ण ठरला.

आमच्या जिल्ह्याचें ठिकाण अहिल्यानगर, पूर्वीचें अहमदनगर. तेथें संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था आहे. लष्करी वाहनें तेथें कसोटीस लागतात. त्यामुळें या विद्येचें आम्हां जिल्हावासीयांस कौतुक वाटतें. पण कौतुकापेक्षां एक सूचना अधिक उपयोगी. ज्या घरीं आजोबांची जुनी मोटार अजून जपलेली आहे, तेथील मुलांनीं क्लचची वा ब्रेकची धूळ फुंकूं नये, हवेच्या झोतानेंही उडवूं नये, आणि हें काम जाणत्या कारागिरावरच सोंपवावें.

शिंगणापुरास घरांना दारें-कुलुपें न लावण्याची रीत प्रसिद्ध आहे. माणसांवर असा विश्वास टाकणें शोभतें. यंत्रावर मात्र तो कसोटीनंतरच टाकावा, आणि त्या कसोटींत यंत्र करणाऱ्याचा श्वासही मोजावा.