तुपाचा चमचा

आमच्या इंदूरच्या घरात तुपाविषयी वाद घालण्याची रीत नाही. पणजोबा होळकरांच्या चाकरीसाठी साताऱ्याकडून इकडे आले, तेव्हापासून वरणभातावर तूप ओतणे हा आमचा कुळाचारच. गेल्या वर्षी थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि हा कुळाचार अडचणीत आला.

तिचे कोलेस्टेरॉल विशीपासून चढे. दोष खाण्याचा नव्हे, रक्ताचा; आणि ते रक्त आमचे. आमचे वडील ४२व्या वर्षी हृदयविकाराने गेले, त्याला तेव्हा सर्वांनी दैव म्हटले. आम्ही स्वतः पन्नाशीत गोळी सुरू केली. लेकीने मात्र मूल होऊ द्यायचे ठरताच डॉक्टरांच्या सल्ल्याने आपली स्टॅटिनची गोळी थांबवली होती. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी तपासणीचा कागद आला : ३९२. ती रात्र आम्ही बसून काढली.

डॉक्टरीणबाई मुळीच दचकल्या नाहीत. गर्भारपणी हा आकडा निरोगी बाईचाही चौथाईने, कधी निम्म्याने वाढतो; वारेतली संप्रेरके घडायला हेच द्रव्य लागते आणि प्रसूतीनंतर ते हळूहळू उतरते. नजर ठेवायची ती ट्रायग्लिसराइडवर. ते फारच चढले तर स्वादुपिंडाला सूज येते. लेकीचे बेतात होते. आतड्यातच राहून पित्ताम्ल बांधणारे एक औषध देता येते, पण त्याने काही जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत. तिला ते नको, असे ठरले.

राहिले जेवण. जवाची भाकरी, सालासकट मूग, मेथ्या आल्या. पोह्यांवरची शेव गेली, जिरावन तेवढे राहिले. (इंदुरात हा त्याग लहान नव्हे!) आई मात्र अडून बसली. ‘‘बिनतुपाचं डोहाळजेवण? आपल्या घरात?’’ लेक तिच्याजवळ जाऊन बसली. ‘‘आजी, आजोबांना जे होतं ना, तेच मला आहे गं.’’

आईने तुपाची वाटी खाली ठेवली. ‘‘ह्यांना कुणी सांगितलंच नाही रे,’’ एवढेच म्हणाली. इतक्या वर्षांत वडिलांच्या जाण्याविषयी ती आमच्याशी प्रथमच बोलली.

नात सुखरूप झाली. अंगावरचे पाजणे आटोपल्यावर लेकीची गोळी पुन्हा सुरू झाली. नातीकडे हा वारसा आला असण्याची शक्यता निम्मी. तिचे रक्त दोन वर्षांची झाल्यावर तपासायचे आहे. तोवर तिच्या तुपाला मनाई नाही, हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितल्यामुळे आई पणतीच्या मऊ भातावर निर्धास्तपणे चमचा पालथा करते, आणि करताना आमच्याकडे बघते.